पाठ मोजणारी पट्टी

मी एक जुनी पितळी पट्टी आहे, मित्रांनो. शेवंडी, म्हणजे समुद्रातले ते मोठे कवचाचे लॉब्स्टर, मोजणे हे माझे काम. एका तांबटाने मला कापले, माझी दोन्ही टोके वाकवली आणि मला एका होडीच्या काठाला दोरीने बांधण्यात आले. तेव्हापासून मी तिथेच आहे. सुख म्हणाल तर नाही, दुःख म्हणाल तर तेही नाही.

होडीवर नवरा-बायको असत. कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा माझे एक टोक शेवंडीच्या डोळ्याच्या खोबणीत ठेवी आणि दुसरे पाठीच्या कवचाच्या कडेला. कवच आखूड भरले, तर शेवंड परत पाण्यात. पुरेसे भरले, की तो ती बायकोच्या हाती देई. ती शेवंड उलटून पोट बघे. पोटाखाली अंडी चिकटलेली असली, तर मापात बसूनही ती पाण्यात जाई. "पट्टी खोटं बोलत नाही," असे नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

एकदा एकाच सापळ्यात नर आणि मादी आली. नर दांडगा, त्याच्या मिशा जाडजूड. मादी त्याच्यापुढे चिमुरडी.

"ही अजून पोर आहे," नवरा म्हणाला.

"अहो, वय दोघांचं सारखंही असेल. अंडी पोटाशी असली की हिला कवच टाकता येत नाही. आणि कवच टाकल्याशिवाय अंग वाढणार कसं? तो मेला नवं नवं कवच चढवतो आणि फुगतो."

"म्हणून तू बुटकी राहिलीस होय?"

"तीन बाळंतपणं काढा, मग बोला!"

पुढे बायको आजारी पडली आणि गेली. काही दिवसांनी नवरा एकटाच होडीवर आला. शेवंड मोजायची, पेटीत टाकायची. मोजायची, टाकायची. मला सगळे दिसत होते, वाटत काहीच नव्हते. बहुतेक त्यालाही.

धक्क्यावर त्यांची मुलगी पेटी उतरवायला आली. तिने उचललेली शेवंड हातात उलटली. पोटाखाली अंडी होती, गच्च, उन्हाने सुकू लागलेली.

"बाबा, उलटून नाही पाहिलीत?"



"ते तुझ्या आईचं काम," तो म्हणाला.

मुलीने शेवंड पायरीवरून पाण्यात सोडली. ती पोहली की नुसती बुडाली, ते मला दिसले नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. फक्त माझ्या भरवशावर राहू नका, मला पाठ तेवढी कळते. उलटून बघणारे कोणी तुमच्या घरात असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याच्याकडून ते काम शिकून घ्या.