पिवळा ठोकळा

बसा पाव्हनं, बसा. टॅक्टर कुठं पळून जात न्हाई. तुमच्या टॅक्टरमागच्या टायलीच्या चाकाखाली तो मानूस वाकून कायतरी घालतोय, ते मला बी दिसतंय. वरडू नका त्याच्यावर. खोडी न्हाई करत तो. च्या उकळंस्तवर त्याची गोष्ट सांगतो, मंग तुमीच ठरवा वरडायचं का न्हाई ते.

त्याचं नाव मच्छिंद्र. पाथर्डीकडचा, माळरानातला गडी. सत्तरीचा दिसतोय, पन पन्नाशी बी गाठली न्हाई अजून. दर साली दसरा झाला की बायकोला, राहीबाईला घेऊन इकडं संगमनेरच्या अंगाला ऊस तोडायला यायचा. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, ते तुमाला ठावं हाय. एकटं मानूस आलं की अर्धा कोयता. तर ह्यांचा कोयता पुरा हुता, अन टोळीत एक नंबर हुता. राहीबाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन टायलीला लावलेल्या फळीवरनं चढाय लागली की गडी मानसं बाजूला सरायची.

त्यांना एकच लेक, निकिता. आजीपाशी ऱ्हाऊन शिकली, बारावीला चांगली पास झाली, अन संगमनेरच्या कॉलेजात गेली. काय शिकायला? तर कामाच्या जागी मानूस जखमी हू नये, मरू नये, त्याचं शिक्षन. सेफ्टी म्हनत्यात त्याला. युनिव्हर्सिटीची तीन वर्साची डिग्री असती त्याची, खोटं न्हाई सांगत.

टोळीतल्या अंगदला तर खाद्यच मिळालं. "मच्छिंदरराव, पोरगी न मरायचं शिकती म्हनं. पास झाली की आमाला बी एकेक सर्टिफिकीट आना. यम आला की दाखवू."

सगळे हसायचे. मच्छिंद्र बी हसायचा. पन पाचटाच्या झोपडीत, आपल्या कोपीत आला की राहीबाईला म्हनायचा, "हसू दे. आपल्या घरात पयल्यांदा कोनतरी मानसं जगवायचं शिकतंय."

ऐतवारी निकिता उसाच्या फडावर यायची. एकदा राहीबाईच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. झालं, पोरीनं वही काढली.

"आई, बोट का कापलं?"

"कोयता लागला."

"का लागला?"

"ऊस वला हुता, निसटला."

"का निसटला?"

"हात बधिर झाल्ते थंडीनं."

"मंग हातमोजं का न्हाई घातलं?"

"तुझ्या बापाला इचार."

"हे चार झाले. पाच वेळा का इचारायचं असतं. पाचव्याला खरं कारन घावतं. अन मॅडम सांगत्यात, कोन चुकलं ते इचारायचं न्हाई, का झालं तेवढंच इचारायचं."

राहीबाई म्हनली, "एवढ्यांदा का का केलं तर कावळा बी उडून जाईल बाई. नवरा कसा टिकायचा तुझ्यापाशी?"

निकिता हसली, वही मिटली. पाचवा का ऱ्हाऊनच गेला. पन पुढल्या ऐतवारी मच्छिंद्र बाजारातनं हातमोजं घेऊन आला. लेकीचं ऐकायचा तो. हे ध्यानात ठिवा.

दुसऱ्या वर्साला कॉलेजच्या वर्कशॉपात पोरीनं एक वस्तू केली. बाभळीच्या लाकडाची, चाकाखाली बसंल असा तिरपा ठोकळा. एक न्हाई, जोडी. पिवळाधमक रंग, वर काळे पट्टे, खालनं खाचा पाडलेल्या, अन एका बाजूला दोरी. दोरी कशापायी? तर चाकापाशी हात घालायचा न्हाई, लांबनं वढायचा. त्या मॅडमनं, दिपाली मॅडमनं, पयला नंबर दिला तिला. अन दोन्हींवर तापल्या तारेनं नाव कोरलेलं, निकिता मच्छिंद्र.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी घेऊन आली. "आबा, दगड लावत जाऊ नका. दगड घसरतो. हे लावा."

खंडेनवमीला राहीबाईनं कोयते पुजले, त्यांच्या वळीत ठोकळ्याची जोडी ठिवली, हळदकुकू वाह्यलं. अन घेऊन आले फडावर.

पयले आठ दिस राहीबाई सोता चाकाखाली ठोकळा लावायची. सांजच्याला पाटाच्या पान्यात धुवायची. पन लाकूडच ते, चिखलात जानार. रंग उडाय लागला. एक दिस मच्छिंद्रनं बघितलं, तर नावाचं पयलं अक्षर झिजलेलं. त्याचं नाव आजवर कशावर लिवलेलं नव्हतं, रेशनकार्ड सोडलं तर. हितं लेकीच्या नावाला लागून त्याचं नाव हुतं, अन ते चिखलात पुसत चाल्लं हुतं. त्यानं दोन्ही ठोकळे राहीबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले अन कोपीतल्या पत्र्याच्या पेटीत ठिवले. कुनाला न इचारता. अन चाकाखाली परत दगड.

जानेवारी हुता. दुपारची येळ. फड उताराचा, वरच्या वावराला पानी दिल्यालं. एक टायली निम्मी भरली हुती, अन दुसरी खाली पाटापाशी रुतली. डायवरनं टॅक्टर सोडवला अन रुतलेली काढायला गेला. निम्मी भरलेली टायली एकटीच उभी, चाकाला दगड.

राहीबाई म्हनली, "आवो, पेटीतला ठोकळा आना की. उतार हाय हितं."

"दगड बास हाय. रोज बास असतो."

"पोरगी म्हनली हुती..."

"म्हनली हुती, म्हनली हुती. मोळ्या बांध तू."

ती मोळी बांधाय लागली. टायलीच्या मागं, पाठ टायलीकडं. उसाच्या शेंड्याच्या, वाढ्याच्या गाठीत ध्यान. खालची माती वली, दगड बसला मातीत अन सरकला. अंगद वरनं वरडला. राहीबाईनं मान वर केली, पन ती अंगदकडं बघाय लागली. टायलीकडं बघायला तिला येळ मिळाला न्हाई.

निकिता दवाखान्यात पळत आली, कॉलेजातनं तशीच, गळ्यात आयकार्ड. आईचं तोंड बघायच्या आधी बापाचा दंड धरला. "आबा, ठोकळा लावला हुता ना?"

अन मच्छिंद्र म्हनला, "व्हय."

एकच शब्द. त्यानं ठरवून खोटं सांगितलं न्हाई, पाव्हनं. तोंडातनं निसटलं. पन निसटलेलं परत आत घेता येत न्हाई.

तेरावा झाला. पोरगी गावाकडंच ऱ्हायली. दिसभर ओट्यावर वही घेऊन बसायची. उतार काढायची, वजन मांडायची, ठोकळ्याचं चित्र काढायची, खोडायची.

"आबा, ठोकळा कुठाय? बघायचाय मला, चिरला का घसरला."

"तिथंच ऱ्हायला. पाचट पेटवलं, त्यात जळला आसल."

दुसरं खोटं. पयल्यानं दुसरं मागितलं.

"माझी खाच कमी पडली," ती म्हनायची. "ह्या बाजूचा उतार मी कमी धरला. माझंच चुकलं."

मच्छिंद्र ऐकायचा. भाकरी हातात तशीच ऱ्हायची त्याच्या.

कॉलेजातनं दिपाली मॅडमचा फोन आला. परीक्षा जवळ आलीय, ये म्हनली. निकिता बापाच्या म्होरंच बोलली, "मॅडम, माझ्या ठोकळ्यानं माझी आई गेली. मी कुनाला काय शिकवू? मी येत न्हाई आता." अन फोन ठिवला.

दुसऱ्या दिशी सकाळी मच्छिंद्र ढोरांना पानी पाजून आला, तर ओट्यावर पोरगी बसलेली. म्होरं दगड, अन हातात राहीबाईचा कोयता. धार लावत हुती. अंगठ्यानं पातं चाचपलं तिनं, आई चाचपायची तसंच.

"काय करतीस?"

"पुढल्या साली तुमच्या संगं येते. मुकादमाला सांगा, कोयता पुराच हाय म्हनावं."

मच्छिंद्रनं बादली खाली ठिवली. हे त्यानंच मला सांगितलंय, पाव्हनं. आत गेला. फडावरनं आनलेली पेटी उघडली, फडकं काढलं, अन दोन्ही ठोकळे तिच्या म्होरं आनून ठिवले. निम्मा उडालेला रंग तसाच. दसऱ्याचं कुकू धुऊन बी खाचेत ऱ्हायलेलं.

निकितानं कोयता खाली ठिवला. एक ठोकळा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"जळला म्हनला हुता तुमी."

"न्हाई जळला."

"मंग चाकाखाली काय हुतं?"

"दगड."

तिनं ठोकळा मांडीवर घेतला. मंग म्हनली, "का?"

"ठोकळा कोपीत हुता."

"कोपीत का?"

"मी पेटीत ठिवला हुता."

"का?"

"रंग जात हुता. तुझं नाव पुसत हुतं."

पोरीनं नावावरनं बोट फिरवलं. "आईला ठावं हुतं, पेटीत हाय ते?"

"ठावं हुतं. तिनं मागितला, त्याच दुपारी. मी म्हनलो, दगड बास हाय."

ढोरं दावनीला पाय आपटत हुती.

"मला खोटं का सांगितलं, आबा?"

"तू आत्ता जशी बघतीस ना माझ्याकडं," मच्छिंद्र म्हनला, "तशी बघू नये म्हून."

चार झाले. तो पाचव्याची वाट बघत बसला. त्याला वाटलं, पाचवा इचारंल, मी सांगन, मंग रडंल, मला मारंल, कायतरी हुईल. तिनं पाचवा इचारलाच न्हाई. उठली, पिशवी भरली. नऊच्या एस्टीनं गेली. एक ठोकळा संगं घेतला. दुसरा ओट्यावर तसाच ठिवला, नावाची बाजू वर. न्यायचा इसरली का मुद्दाम ठिवला, ते मच्छिंद्रला अजून कळलं न्हाई.

परीक्षा दिली तिनं. पास झाली. आता पुन्याकडं एका कंपनीत हाय, डोक्यावर टोपी घालून फिरती, मशिनींपाशी मानसं नीट काम करत्यात का बघती. ऐतवारी फोन करती. जेवले का, गोळी घेतली का, इचारती. दोन मिंटं. दसऱ्याला आली न्हाई. त्याच्या आधीच्या दसऱ्याला बी आली न्हाई. मच्छिंद्र तिला कधी म्हनत न्हाई ये म्हून. त्याला वाटतं, म्हनायचा हक नेमका त्या पेटीत गेला.

अन टोळीत येतो तो अजून. अर्धा कोयता. पलीकडं त्या कोप्या दिसत्यात ना, तिथं ऱ्हातो. तोड उरकली की दुपारी ह्या चढाला येऊन बसतो. तुमच्यावानी डायवर च्याला थांबले की उठतो अन चाकाखाली ठोकळा लावतो. शिव्या देत्यात लोकं. येडा म्हनत्यात. परवा एकानं न बघता टॅक्टर हानला, ठोकळ्याचा कोपरा फुटला. हा बिचारा रस्त्यात बसून ढलप्या गोळा करत हुता.

आता धुतो बी न्हाई तो ठोकळा, अन पेटीत बी ठेवत न्हाई. नाव पार गेलंय. नीट बघितलं तर एक त ऱ्हायलाय फक्त.

घ्या, च्या झाला. सावकाश प्या. अन निघताना तेवढं एक करा, पाव्हनं. टॅक्टर चालू करायच्या आधी खाली उतरा, दोरी धरून ठोकळा वढून काढा, अन रस्त्याच्या कडंला फेकू नका. त्याच्या हातात द्या.