आरशातली इंग्रजी

कुणीही पैज लावा, या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. पण आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने अवघड इंग्रजी शब्द उलटे पाठ केले होते. नातबाई, खुदखुदू नकोस, ऐक आधी.

मोठ्या प्रवासी जहाजावर केस कापायची जागा निघाली होती. ती हवी तर अवघड इंग्रजी शब्दांची परीक्षा पास व्हायला हवी. गडी दोनदा आपटलेला. या खेपेला हुकलं, तर जागा थेट त्याच्या मेव्हण्याच्या घशात.

पण दिवसभर गिऱ्हाइकं, अभ्यास करायचा कधी? त्याने शब्द नि अर्थ ठळक लिहून खुर्चीमागच्या भिंतीवर डकवले आणि कात्री चालवता चालवता समोरच्या आरशात वाचायला लागला. सकाळी घोकलेला शब्द दुपारी ओळख देईना. याचा जीव नुसता मेटाकुटीला आलेला.

"मेटिक्युलस म्हणजे काटेकोर, काटेकोर..." म्हणता म्हणता त्याने एका मास्तरांची अर्धी मिशी उडवली.

"अरे गाढवा, मिशीला हात लावायला कुणी सांगितलं?"

"मास्तर, एफेमरल म्हणजे क्षणभंगुर," हा कसंबसं म्हणाला.

बाकावर पाय पसरून बसलेला मेव्हणा खो खो हसला. "दाजी, आज शब्द जास्त पाठ झाले की मिशा जास्त उडाल्या?"

"तू थोबाड बंद ठेव!" म्हणत याने कंगवा आपटला.

परीक्षेत कागद पुढ्यात आला आणि याला दरदरून घाम फुटला. एकही शब्द ओळखीचा वाटेना! सगळे आरशात पाहिलेले, उलटे. सरळ अक्षरं म्हणजे परकी माणसं. शेवटी त्याने पिशवीतून हातआरसा काढून कागदासमोर धरला, आणि काय सांगू, सगळे शब्द पटापट ओळख द्यायला लागले.

तेवढ्यात परीक्षक बाई कडाडल्या, "आरसा इकडे द्या!"

"नका हो बाई! त्याच्याशिवाय मी आंधळा आहे!"

बाईंनी आरसा हिसकावलाच. पेपर कोरा. जहाजावर मेव्हणा चढला, आणि हा धक्क्यावर उभा राहून चरफडत...

"आजोबा, थांबा!" नात ओरडली. "शब्द त्याच्या मागच्याच भिंतीवर होते ना? मग मान वळवून सरळ का नाही वाचले? काहीही फेकता तुम्ही!"