निजवलेली काठी

भय्याजी जेवायला बसले, तेव्हा पुष्पाबाईंनी जरा फुशारकीनंच सांगितलं, "नदीतली तुमची तिसरी काठी म्हशीनं पाडली होती. काल कपडे धुवाले गेली, त अलीकडूनच हात लांबवून उभी करून आली मी."

भय्याजींचा घास हातातच राहिला. "दगड नवता तिच्यावर?"

"दगड असता त हात लावला असता का मी? तीस वर्सं झाली मले या गावात."

बपेरा गावाहून नदीपलीकडे मध्य प्रदेशात जायला पूल आहे, पण मोठा फेरा पडतो. म्हणून पाणी उतरलं की भय्याजी बांबूनं तळ चाचपत नदी ओलांडत आणि रेती घट्ट लागेल तिथं लाल चिंधीची काठी रोवत. सात काठ्या रोवल्या की वाट झाली. एखाद्या जागी तळ बिघडला, तर तिथली काठी आडवी करायची आणि वर दगड ठेवायचा. याला म्हणत, वाट निजली. निजलेली काठी उठवायची नाही, हे गावात म्हशी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"मीच निजवली होती ते," भय्याजी हळूच म्हणाले. "रेतीच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिथं मोठा खड्डा केलता. मंग धरणाचं पाणी सुटलं. त्या पाण्यानं वरची रेती आणून खड्डा भरला. पाहाले सपाट, आत भुसभुशीत. बांबू टाकला त पुरा गेला."

"अना दगड?"

"रेतीनं गिळला असन."

दोघांच्याही मनात एकदमच राखी आली. होळीला माहेरी, पलीकडे गेलेली सून. आज दुपारी येते म्हणाली होती. पुष्पाबाईंनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"तुमी बांबू घेऊन या," एवढं बोलून त्या अनवाणीच निघाल्या. भय्याजींचा गुडघा दुखरा. ते मागेच राहिले.

काठावर पोचल्या तेव्हा राखी पाचव्या काठीशी होती. डोक्यावर पिशवी, एका हातात चपला, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाणी पोटरीएवढं, इतकं निवळ की बघून कुणालाही तहान लागावी.

"राखी! थांब व! तिथंच थांब!"

वारा उलटा होता. राखीनं चपलांचाच हात हलवला. सासू घ्यायला आली म्हणून तिला कोण आनंद! ती भरभर चालू लागली. पुष्पाबाई दोन्ही हात हलवत होत्या, आणि त्या जितक्या हलवत तितकी ती घाई करत होती.

चौथी काठी. मग ती उभी केलेली, ताठ, लाल चिंधीची तिसरी.

आधी पिशवी पडली. राखी गुडघ्यापर्यंत गेली, हसली, पाय उचलायला गेली, आणि मांडीपर्यंत गेली. मग मात्र हसली नाही.

पुष्पाबाई पाण्यात शिरल्या. पहिली काठी, दुसरी काठी. टाचेखालून रेती सरकत होती, कुणी खालून चिमटीनं ओढून घ्यावी तशी. जवाहरनगरला नोकरी करणाऱ्या प्रफुल्लनं, त्यांच्या मुलानं, एकदा सांगितलं होतं की ही रेती वैनगंगेतून, गोदावरीतून समुद्रापर्यंत जाते आणि तिकडचा किनारा तिच्यावरच उभा राहतो. तेव्हा त्यांना कौतुक वाटलं होतं. आता वाटलं, एवढ्या लांब निघालेली रेती वाटेत काय उचलते, हे तिला कोण विचारणार?

"आई, पाय निंगून नाई राहिला!"

"हलू नको. मागं रेल. निजल्यावानी रेल."

"पाण्यात?"

"पाण्यात नाई त काय पलंगावर? रेल म्हणते ना!"

राखी रेलली. पाणी तिच्या कानांपर्यंत आलं. पुष्पाबाई पोटावर पडून कोपरांनी सरकल्या, तिसरी काठी हिसकून काढली आणि राखीच्या पाठीखाली आडवी सारली. मग तिच्या काखेत हात घालून ओढू लागल्या. रेती सोडेना. थोडी सोडे, तेवढीच पुन्हा धरे. राखी रडत होती, तोंडात पाणी जात होतं. "पाय हलवत राहाय, हळू हळू," पुष्पाबाई म्हणत राहिल्या. स्वतःचं कोपर आत जातंय, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

केव्हा तरी एक पाय सुटला. मग दुसरा.

दुसऱ्या काठीशी घट्ट तळ लागला, तेव्हा दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. भय्याजी काठावरून ओरडत होते, "हलू नका, मी चाचपत येतो!"

"काठी त उभी होती, आई," राखी म्हणाली. "मी उभी पाहूनच आली. कोणी उभी केली?"

म्हशीच्या गुराख्यावर ढकलता आलं असतं. तो आजूबाजूला कुठं नव्हता, त्याचं काही बिघडलंही नसतं.

"मीनं," पुष्पाबाई म्हणाल्या.

राखीनं सासूचा हात सोडला. मग पायाखाली रेती पुन्हा जराशी सरकली, आणि तिनं तो धरला. भय्याजी येईपर्यंत दोघी मान खाली घालून आपापले पाय बघत राहिल्या.