एका चुलीला एक बाई

अंबाबाईंनी अर्धं मळलेलं पीठ परातीत तसंच सोडलं, हात पदराला पुसले आणि एकाच पायात चप्पल घालून त्या ठमाबाईंच्या घराकडे धावत सुटल्या. दुसरी चप्पल शोधायला वेळ कुणाला होता! शेजारच्या भागूबाईंनी कुंपणावरून बातमीच तशी दिली होती. ठमाबाईंच्या सुनेनं, प्राचीनं, सकाळी सकाळी अंगणात वेगळी चूल मांडली होती. नुसती मांडली नव्हती, पेटवलीसुद्धा.

"आई, चप्पल!" मागून सुनेनं, हर्षालीनं हाक मारली. अंबाबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

वेगळी चूल म्हणजे घर फुटलं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि तेही ठमाबाईंचं घर! चाळीस वर्षांची मैत्रीण. गावातलं महिला मंडळ दोघींनी मिळून काढलं, त्यालाच आता अठ्ठावीस वर्षं झाली. अंबाबाई अध्यक्ष, ठमाबाई उपाध्यक्ष.

अंगणात खरंच तीन विटा मांडल्या होत्या. त्यावर तवा होता आणि प्राची भाकरी उलटत होती. शेजारी पाटावर बसून ठमाबाई निवांत ठेचा-भाकरी खात होत्या. दारात त्यांचा मुलगा आदेश रिकामं ताट धरून उभा होता. आपण कुठल्या चुलीवर जेवायचं, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"आगं ठमे! घर फुटलं आन् तू जेवतीस?"

"मग काय उपाशी बसू? ये, बस. मी हितं पावणी हाय."

"हसण्यावारी न्यू नको. काय झालं ते सांग."

ठमाबाईंनी घास गिळला, वर पाणी घेतलं आणि मग अंबाबाईंकडे बोट दाखवलं.

"काल बैठकीत कोण म्हनलं, नियम म्हंजे नियम? एका चुलीला एक बाई! घे मग. ही चूल येगळी. प्राचीचं नाव लिव मंडळात."

अंबाबाईंच्या सगळं ध्यानात आलं आणि त्या मटकन ओसरीवर बसल्या.

नियम त्यांनीच केला होता. पहिल्याच वर्षी एका मोठ्या घरातल्या पाच जावा मंडळात शिरल्या आणि प्रत्येक ठरावाला पाच हात एकदम वर जायला लागले. तेव्हा अंबाबाईंनी ठणकावलं, एका चुलीमागे एकच बाई. नियम चांगला होता. पण सासू मंडळात असेतोवर सून बाहेर, असं होता होता मंडळच म्हातारं झालं. देवीच्या यात्रेत पालखीपुढं लेझीम खेळायचा मान मंडळाचा. एके काळी चाळीस जणी खेळायच्या. यंदा गुडघे धड असलेल्या उरल्या नऊ. यात्रा आठ दिवसांवर आली होती, आणि यात्रा कमिटीनं सरळ सांगितलं होतं, सोळा जणी उभ्या राहत नसतील तर पालखीपुढं बँजो पार्टी लावू. ते ऐकल्यापासून अंबाबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. मान एकदा गेला की परत येत नाही, हे त्या जाणून होत्या.

"ही लबाडी झाली, ठमे."

"लबाडी कसली? भाकरी खरी हाय. खाऊन बघ."

"काकू, मी ओतूरला कॉलेजात असताना लेझीम पथक चालवायचे," प्राची तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "सहा वर्षं झाली लग्नाला. यात्रेत मी फक्त आईंची पाण्याची बाटली धरून उभी असते. मला खेळायचंय हो."

असं सरळ सरळ कुणी मागितलं की नाही म्हणणं अवघड. अंबाबाईंनी ठमाबाईंना दंडाला धरून गोठ्यापाशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"आगं, सुना आल्यावर आपुन तिथं बोलायचं काय?"

ठमाबाई अशा हसल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"सुनांच्या कागाळ्या कुठं करायच्या, हाच घोर ना तुला? अठ्ठावीस वर्सं केल्या. अजून सरल्या न्हाईत व्हय गं?"

अंबाबाईंना हसू आलं नाही. मंडळात सगळ्यात जास्त कागाळ्या त्यांच्याच असत. हर्षालीच्या भाजीला चव नाही, हर्षाली घुमी आहे, हर्षालीला घोडेगावच्या माहेराचाच पुळका फार. मंडळाच्या बैठकीला मंदिराच्या ओट्यावर बसून चार वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या.

पण गावाला आता धीर कुठला! दुपारपर्यंत मंडळातल्या साबेराच्या अंगणात तिच्या सुनेनं, समरीननं विटा मांडल्या. बातमी देणाऱ्या भागूबाईंच्याच सुनेनं परसात वांग्याची भाजी शिजवली. इकडून धूर, तिकडून धूर. पुरुष मंडळी बावचळून गेली, सकाळपासून गावात किती घरं फुटली याचा हिशेबच लागेना. चारच्या सुमाराला ओट्यावर सगळ्या जमल्या, सासवा एकीकडे आणि नव्या चुलीवाल्या दुसरीकडे. मध्ये धुळीत लेझमांचा ढीग पडला होता. प्राचीनं एक उचलून नुसती झटकली, तर त्या खणखणाटानं म्हाताऱ्यांचेही पाय हलायला लागले.

"मोजा!" कुणीतरी ओरडलं.

जुन्या नऊ. नव्या सहा. पंधरा.

पुन्हा मोजलं, तरी पंधराच. अजून कुणाच्या घरात मंडळात नसलेली सून आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जन्मात गप्प न बसलेल्या ठमाबाईसुद्धा लुगड्याची निरी नीट करत बसल्या.

अंबाबाई उठल्या आणि घरी गेल्या. घर समोरच होतं. गोठ्यामागून त्यांनी एक वीट आणली, मग दुसरी, मग तिसरी. दुपारभर शेतात असलेली हर्षाली तिसऱ्या विटेला परतली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, माझं काय चुकलं?"

"काय न्हाई चुकलं. हात लाव, ही वीट हलतीय."

दोघींनी चूल मांडली. हर्षालीनं काटक्या आणल्या, अंबाबाईंनी काडी ओढली. चहाचं पातेलं वर चढलं तेव्हा अंबाबाई विस्तवाकडे बघत म्हणाल्या,

"तुला मंडळात यायचंय. लेझमीला. पर एक सांगते. मी तिथं तुझ्याबद्दल लई बोललेय. वाईटच. कुणीतरी सांगंलच तुला, म्हनून मीच सांगते."

हर्षालीनं चुलीत फुंकर घातली. जाळ धरला.

"सांगायला कशाला पाहिजे, आई? आपल्या स्वयंपाकघराची खिडकी ओट्याकडंच उघडते. सगळं ऐकू येतं."

अंबाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षांत या पोरीनं एका शब्दानं सुनावलं नव्हतं. आणि आपण तिला घुमी म्हणत होतो.

"आन् दिसतंही सगळं," हर्षाली काटकी आत सारत म्हणाली. "राग मानू नका. पण चौथ्या ठोक्याला तुम्ही दरवेळी उशिरा वाकता."

अंबाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खाली बघत होती, पण ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. अंबाबाई घरात गेल्या, खुंटीवरच्या दोन लेझमा काढून आणल्या आणि एक तिच्या हातात दिली.

"दाखव मग. कसं वाकायचं ते."

हर्षालीनं पदर खोचला. पहिला ठोका पडला, दुसरा पडला, आणि समोरच्या ओट्यावर एकेक बाई उठून उभी राहिली. चुलीवरचा चहा उतू गेला, पण तो उतरवायचं कुणाला सुचलं नाही.