उघडी राहिलेली सीडी

"मावशी, त्या बारीक भोकात पिन घाल ना," तेजल म्हणाली.

"घालते गं. मला नको शिकवूस."

शनिवारी दुपारी शाळा सुटली होती. लॅबमध्ये सात नंबरच्या कॉम्प्युटरपुढे मी उकिडवी बसले होते. बटण दाबून ट्रे बाहेर येईना, म्हणून सेफ्टी पिन सरळ करून आत खुपसली. कट्ट झालं आणि ट्रे बाहेर आला. तळेगावच्या या शाळेची लॅब मी बारा वर्षं सांभाळते. तेवीस कॉम्प्युटर, सगळ्यांवर लिनक्स, पण सीडीचा ड्राइव्ह आता या एकालाच उरलाय. तेजलच्या नव्या लॅपटॉपला तर तो नाहीच.

सीडी तिला पप्पांच्या जुन्या फायलीत सापडली होती. वर ताईच्या अक्षरात एकच शब्द, 'तेजू'.

ताई म्हणजे मानसी, माझी सख्खी थोरली बहीण आणि तेजलची आई. तेजल अकरा महिन्यांची असताना ताईला डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत ती गेली. वर्ष सरायच्या आत आमच्या गावी, सुदुंबऱ्यात, दोन्हीकडची माणसं बसली आणि लेकराला परकी बाई नको म्हणून दाजींशी माझं लग्न लावून मोकळी झाली. मी एकोणीस वर्षांची होते. पुढे कितीतरी दिवस नवऱ्याला हाक मारताना माझ्या तोंडून 'दाजी'च यायचं. तेजल मला मावशी म्हणायला शिकली, कारण मी मावशीच होते. आई म्हणायची ती फोटोला. परीक्षेला निघताना, नोकरीचं पत्र आलं तेव्हा, दर वेळी फोटोपुढे उभी राहून, "आई, येते हं." मी मागे दारात तिचा डबा घेऊन उभी.

मला ताईचा हेवा वाटतो. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. पण गेलेल्या माणसाची भाजी कधी खारट होत नाही, आणि ते पोरीवर कधी ओरडतही नाही. तशी ताई पहिल्यापासून माझ्या पुढेच होती. विहारात वंदना तीच सांगायची. गावातून कॉम्प्युटर क्लासला जाणारी पहिली मुलगी तीच, आणि पुढे त्याच क्लासात शिकवायलाही लागली. माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं की टपली मारायची. "नाही म्हण हिरे, नाही!"

मी सीडी आत ढकलली. दिवा लुकलुकला, ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि गप्प झाला. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"बिघडली का गं?"

"थांब जरा."

कपाटातली बालगीतांची सीडी घालून पाहिली. ती लगेच उघडली. म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. पुन्हा ताईची घातली, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि ड्राइव्हलाच विचारलं, तुला काय दिसतंय? उत्तर आलं. सीडी कोरी नव्हती. भरलेली होती, फक्त बंद केलेली नव्हती. त्या काळी पुढे आणखी भरायचं असेल तर माणसं सीडी अशी उघडी ठेवायची. बंद केल्याशिवाय ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येत नाही. एक ओळ लिहायची आणि बंद करायची, एवढंच काम होतं. धोका इतकाच, की बावीस वर्षांची सीडी मध्येच अडकली तर आहे तेही जायचं.

तेवढ्यात यांचा फोन आला. तेजलने तो स्पीकरवर टाकला.

"लागली का सीडी?"

"मावशी बघतेय, पप्पा."

"मानसी असती तर चुटकीसरशी लावली असती," हे हसून म्हणाले.

सहजच म्हणाले ते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"न्हाई चालत ही," फोन ठेवल्यावर मी म्हणाले. "गेली."

तेजलने वाद घातला नाही. मी काढून दिलेली सीडी तिने कागदी पाकिटात सरकवली.

"उद्या नोकरीवर बेंगलोरला जायच्या आधी एकदा ऐकायची होती. मला तिचा आवाजच माहीत नाही गं. तू तर ऐकलायस. कसा होता?"

मी सांगायला गेले. टपली आठवत होती, वाक्य आठवत होतं. आवाज काही केल्या आठवेना. बावीस वर्षं जिच्यावर जळत राहिले, तिचा आवाज माझ्याकडेही उरला नव्हता.

"आण ती इकडं."

"का? गेली ना?"

"गेली न्हाई. खोटं बोलले मी."

तिने पाकीट पुढे केलं. मी खाली मान घालून सीडी ओढणीने पुसली.

"बंद करावी लागंल," मी म्हणाले. "एकदा बंद केली की परत त्यात काही भरता येत नाही. आणि बिघडली तर कायमची."

"कर," तेजल म्हणाली.

ओळ लिहिली, पण बटणावरचं बोट काही हलेना. मग दाबलं. दिवा पेटला तो पेटलेलाच राहिला. दोन-तीन मिनिटं आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. दिवा विझला तशी पिन घालून सीडी काढली आणि परत ढकलली. पडद्यावर एक फाइल आली. एकच.

आधी पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी. मग ताई.

"तेजू, आई म्हण. आ... ई."

"बा," बाळ म्हणालं.

"बा न्हाई गं, आई! म्हण की."

"बा बा बा."

ताई खळखळून हसली. मला टपल्या मारणारी ताई लेकीशी मात्र आमच्या गावचंच बोलत होती. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा, मग आणखी एकदा. बाळाचं आपलं 'बा'च चाललेलं. शेवटी ती म्हणाली, "न्हाई म्हणायचं? बरं. उद्या म्हण. उद्याचं बी ह्यातच भरू."

खट्ट झालं आणि आवाज थांबला.

"मावशी, म्हणजे मी तिला कधीच..."

"अकरा महिन्यांची होतीस गं."

एवढी वर्षं जी हाक तिची म्हणून मी जळत होते, ती तिलाही मिळाली नव्हती. उद्यासाठी म्हणून तिने जागा ठेवली होती, आणि आत्ता ती मी माझ्या हाताने बंद केली होती.

तेजलने स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"मावशी, परत लाव ना."

मी चष्मा पुसला आणि ताईचं बोलणं परत लावलं.