अकरा किलोंचं कौतुक

आमच्या ह्यांचं वजन अकरा किलोंनी उतरलं आणि घराचं लग्नघर झालं. हे, म्हणजे सेतुमाधवराव, वय त्र्याहत्तर, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातून निवृत्त. दर रविवारी सकाळी काट्यावर उभे राहायचे. मुलगा विश्वेश आकड्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा. मग तंजावरपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांचे अंगठे वर. सत्त्याहत्तरचे सहासष्ट झाले तेव्हा कुणीतरी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. नव्या फोटोत कॉलरच्या आत मान सैल फिरत होती. ते एकालाही दिसलं नाही. मला दिसलं, मी बोलले, तर म्हणे अम्माला कौतुकच नाही!

सुरुवात एका डॉक्टरने केली. त्याने ह्यांच्याकडे बघितलंच नाही, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, दहा किलो कमी करा. कशातले दहा, ते काही सांगितलं नाही. चार मिनिटांत आम्ही बाहेर.

पाठोपाठ चातुर्मास आला. आमच्या माध्वांच्या घरात पहिल्या महिन्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही आणि चौथ्यात डाळी नाहीत. पण दही सोडलं की भाजी परत येते, दूध सोडलं की दही परत येतं. ज्याने हे व्रत घालून दिलं त्याला माणसाच्या देहाची कदर होती. ह्यांनी काय केलं? जे सोडलं ते परत घेतलंच नाही. भाजी गेली, दही गेलं, दूध गेलं, शेवटी डाळही गेली. रात्रीचं जेवण तर आधीच बंद. ताटात उरला मूठभर भात आणि चिंचेचं पाणी.

"शास्त्र दही खा म्हणतें, तुम्हांस कां नको?" मी आमच्या तंजावरी मराठीत विचारलं.

"काटा उतरतो आहे, कृष्णवेणी. आतां मध्यें सोडा म्हणूं नको."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण घरात माझं कोण ऐकतं?

पूजेनंतर पाटावरून उठताना ह्यांचा हात भिंतीकडे जायला लागला. लोणच्याची बरणी उघडेना. वेस्ट मांबळमच्या आमच्या घराला दोनच मजले, पण पहिल्या मजल्यावर थांबून खिडकीतून रस्ता बघायचे. रस्ता कसला बघताय, दम लागलाय तुम्हाला! विश्वेश म्हणाला, "वय आहे अम्मा." वजन उतरलं की पराक्रम आणि पाय थरथरले की वय.

तेवढ्यात तारामणीच्या संशोधन केंद्रातून फोन आला. साठीपुढच्या माणसांच्या शरीराचा तिथे अभ्यास चालतो आणि दर दोन वर्षांनी तीच माणसं तपासतात. ह्यांचं नाव त्यात होतं. हे नवा शर्ट घालून निघाले, जणू बक्षीस समारंभाला.

तिथली वाणी नावाची मुलगी आमच्याच लोकांतली निघाली. तिने ह्यांना अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात दांडे दिले. मग मूठ आवळायला लावली. मग म्हणाली, "मामा, हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून पांच वेळां उठा."

दोन वर्षांपूर्वी हे पटापट उठले होते. आता दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्धे उठले आणि धपकन बसले. हसले. मला ते हसू बघवेना.

वाणीने जुना कागद आणि नवा कागद समोर ठेवला. "अकरांतले जवळजवळ पांच किलो स्नायू गेले, मामी. चरबी सहाच. ह्या वयांत नुसतें वजन पाहून काय कळतें? स्नायू गेले कीं माणूस पडतो, आणि पडला कीं मग उठत नाहीं." ह्यांनी काय खायचं आणि पायांना जोर यायला कोणते व्यायाम करायचे, तेही तिने लिहून दिलं.

पाच किलो! ज्यावर सगळ्या गोताने अंगठे वर केले त्यातलं जवळजवळ निम्मं ह्यांचं बळ होतं. मी तिथूनच विश्वेशला फोन लावला. तो म्हणाला, "पण अम्मा, बीएमआय परफेक्ट आहे ना?"

"तुझा बीएमआय अप्पांस खुर्चींतून उठवील कां रे?" मी एवढ्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

घरी आल्यावर दुधाचा पेला ह्यांच्यापुढे आपटला. "चौथा महिना आहे. डाळ नको, दूध चालतें. घ्या."

त्यांनी पेला बाजूला सारला.

"आतां तरी घ्या! कुणासाठीं वाळवतां हो देह?"

मग म्हणाले, "तुजसाठीं."

मला कळेना.

"माझे अप्पा चौदा महिने अंथरुणावर होते. भारी देह. अम्मा एकटी त्यांस कुशीवर वळवीत होती. त्यांतच तिची कंबर गेली, पुन्हा ताठ झाली नाहीं." ते खाली बघत बोलत होते. "मी पडलों तर तुज उचलतां यावें. एवढेंच मनांत होतें."

मला आणखीच राग आला.

"दाराशीं पाण्याचा कॅन येतो," मी म्हणाले, "वीस लिटरचा. तो मज जागचा हलवत नाहीं. तुम्ही वीस किलोचे होणार होतां कां? किती किलोंवर थांबणार होतां, सांगा!"

हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता, नुसते भीत भीत उतरत गेले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात ही भीती मला एकदा तरी सांगायची!

"मज तुम्हांस उचलायचें नाहीं," मी म्हणाले. "तुम्ही उठायचें आहे."

त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि प्यायले. मी रागारागानेच दुसरा भरला.