प्लमच्या झाडावरचं दगडफूल

मालतीबाईंनी एकदा एखाद्या गोष्टीवर शिक्का मारला, की ब्रह्मदेव आला तरी तो पुसत नाही. पुण्याहून परदेशी, न्यू लिनला लेकाकडे आल्या आणि मागच्या अंगणातलं जुनं प्लमचं झाड त्यांनी रोगी ठरवून टाकलं. खोडभर, फांदीभर करड्या-हिरव्या पापुद्र्यांचे थर! "अरे संग्राम, हे झाड सडलंय. वाऱ्याने घरावर कोसळलं म्हणजे?" रोज सकाळी चहाबरोबर हेच. सून राजश्री म्हणाली, "आई, राहू द्या ना. सिद्धीचा झोका आहे त्याला." पण आईपुढे बोलायची संग्रामची काय टाप! शेवटी झाड कापणाऱ्याला शनिवारी बोलावलं, आणि सिद्धीने आजीशी बोलणंच टाकलं. नातीचा अबोला मालतीबाईंना फार लागला, पण कबूल करतील तर शपथ!

तशी त्यांची चिडचिड विमानतळापासूनचीच. गोड्या मसाल्यासाठी निवडून, चाळून आणलेली दगडफुलाची पुडी तिथल्या तपासणीवाल्या मुलीने काढून घेतली होती. "आणि वर हसली मेली!" हे भेटेल त्याला सांगून झालं होतं. दगडफुलाशिवायची आमटी म्हणजे त्यांच्या मते नुसतं पिवळं पाणी.

शनिवारी करवतीचा आवाज कानावर नको, म्हणून त्या शेजारच्या हेलनबाईंबरोबर हेन्डरसनच्या ओढ्याकाठी गेल्या. हेलनबाई मूळच्या इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या. तिकडच्या कुंपणांवरची, कातळांवरची, दलदलीतली शेवाळं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. आता इथेही गळ्यात भिंग अडकवून चार लोकांना हिंडवतात. मालतीबाई मागून पाय ओढत होत्या. कसलं एवढं कौतुक? आमच्याकडे शेवाळ दिसलं की घासून काढतात!

वाटेतल्या बाकावर एक वाळकी फांदी पडली होती. तिच्यावरही तेच पापुद्रे, फक्त सुकून कडा वळलेल्या. चाळा म्हणून त्यांनी एक नखाने सोडवला, उलटा केला, आणि त्यांचा हात थबकला. वरून राखाडी, खालून काळाकुट्ट. बोटांत चुरगळला, नाकाशी धरला.

"अगं बाई! हे तर दगडफूल!"

आजवर त्यांनी ते पुडीतच पाहिलेलं. जिवंत, ओलं, झाडाला चिकटलेलं ओळखणार कसं?

हेलनबाईंनी भिंग लावून कडेची पिठूळ झालर नीट निरखली आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे आमच्याकडे जुन्या सफरचंदाच्या बागांत असतं! झाडावर नुसतं राहतं. झाडाला काही त्रास नाही याचा."

"रोग नाही?"

"छे, मुळीच नाही."

मालतीबाईंनी घाईघाईने पर्समधून मोबाइल काढला. घरी फोन लावला, कोणी उचलेना. "हेलन, गाडी काढ! माझं झाड चाललं!"

न्यू लिनच्या सिग्नलला त्यांनी होते नव्हते ते सगळे देव आठवले. गल्लीत वळतात तोच करवत घरघरली. गाडी धड थांबायच्या आत मालतीबाई उतरल्या, पदर खोचला आणि पायातल्या रबरी जॅन्डल्स फटफटत थेट झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"स्टॉप! धिस इज नॉट डिसीज! धिस इज मसाला!"

करवत थांबली. हेलनबाईंनी झाडाला भिंग लावलं आणि तेच दगडफूल असल्याचं सांगितलं. खोड ठोकून पाहत कापणारा म्हणाला, "लाकूड ठणठणीत आहे." मग हसून "स्वीट ॲज," असं इकडचं 'झकास' म्हणत करवत व्हॅनमध्ये टाकायला गेला.

संग्राम बघतच राहिला. "आई, रोग रोग म्हणून तूच तर..."

"हो, मीच! चुकले मी!" मालतीबाई अशा तोऱ्यात म्हणाल्या, की चुकणं हाही एक पराक्रमच. राजश्रीला तोंडावर हात धरून हसू आवरावं लागलं.

सोडून ठेवलेला झोका संग्रामने पुन्हा बांधला. सिद्धी झोक्यापाशी आली, आजीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, यू गो फर्स्ट."

ते 'आजी' ऐकून मालतीबाईंचे डोळेच भरून आले. साडी सावरून त्या झोक्यावर बसल्या. संग्राम घाबरून पुढे झाला, "आई, सांभाळून! फांदी..."

"गप रे! झाड भक्कम आहे. सिद्धी, ढकल जोरात!"